वडगावच्या पुढचं तयार घर आणि ‘सगळं दहा मिनिटांवर’

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की तुम्ही दोघं पुण्यातनं आता बेळगावला परत यायलाय, सोबत आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या पुढचे, बाबांचा गुडघा दुखरा, पोरं दोन, एक चौथीत आणि एक बालवाडीत. वडगावच्या पुढं येळ्ळूर रोडच्या बाजूला नव्या लेआउटमध्ये ३० बाय ५० फुटांच्या साईटवर (प्लॉटवर) बांधलेलं दुमजली तयार घर बघून ठेवलंय, एजंट म्हणतोय शाळा, दवाखाना, बाजार, बस सगळं दहा मिनिटांवर आहे, आणि मागं जी आठ फूट मोकळी जागा आहे तिथं पत्रा टाकून अजून एक खोली निघेल. तर घ्यावं का, आणि टोकन द्यायच्या आधी काय काय बघावं.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, २६ वर्षं झाली बेळगावात आणि आसपास घरांचीच कामं करतोय, नवी बांधायची आणि दुसऱ्यांनी बांधलेली तपासून द्यायची पण. सरळ सांगतो, टोकन एवढ्यात देऊ नका. एजंट म्हणेल दुसरी पार्टी पैसे घेऊन बसलीय. बसू दे. घर आतनं कसं आहे हे तासाभरात कळतं हो, पण तुमच्या आई-बाबांचा दिवस जाणार आहे तो फाटकाच्या बाहेरच्या अर्ध्या किलोमीटरवर, आणि ते अर्धं किलोमीटर तुम्ही अजून गाडीतनंच बघितलंय असं तुमच्या लिहिण्यावरनं वाटतंय.

आधी ती दहा मिनिटं घेऊ. एजंटची दहा मिनिटं मोटरसायकलवरची असतात, ताशी पंचवीसनं धरली तरी चार किलोमीटर झाले. गुडघा दुखणारा सत्तरीचा माणूस आपल्या रस्त्यावरनं, म्हणजे उखडलेली खडी, गटारीवरची फुटकी फरशी, मधेच आडवी लावलेली गाडी हे सगळं चुकवत मिनिटाला पन्नास मीटर चालला तर खूप झालं, म्हणजे दहा मिनिटांत पाचशे मीटर. एकाच वाक्यात आठ पट फरक पडला. म्हणून एक दिवस बाबांनाच घेऊन जा, घराच्या फाटकात गाडी लावा आणि त्यांच्या चालीनं त्यांच्या मागनं चाला, पुढं जाऊन थांबू नका. कुठं ते थांबतात, कुठं हात धरायला बघतात, कुठं रस्ता ओलांडताना दोन-तीन गाड्या जाऊ देतात ते बघा. येताना त्यांना विचारायची पण गरज नाही, तुम्हाला कळलेलं असतंय.

त्या पाचशे मीटरच्या आत काय काय असावं याची माझी यादी छोटी आहे. दूध आणि किराणा मिळणारं कोपऱ्यावरचं दुकान, ज्यातला माणूस महिन्याभरात तुम्हाला नावानं ओळखेल. मेडिकल. एक एमबीबीएस डॉक्टर, संध्याकाळी तरी बसणारा. पिठाची गिरणी, ही लोक विसरतात, पण आपल्याकडं जोंधळ्याची भाकरी रोजची, आणि दळणाचा डबा घेऊन दोन किलोमीटर जायला लागलं की आई आठवड्याभरात तयार पिठावर येतात आणि मग भाकरी वळत नाही म्हणून चिडचिड सुरू. देऊळ किंवा नुसता एखादा कट्टा, जिथं बाबांच्या वयाची चार माणसं संध्याकाळी बसतात. आणि बसचा स्टॉप. स्टॉप म्हणजे बोर्ड लावलेला खांब बघून खूश होऊ नका, सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात तिथं उभं राहून खरंच किती बस येतात आणि थांबतात ते मोजा. आईंच्या आधारवर पुण्याचा पत्ता असेल तर आल्या आल्या इथला करून घ्या, शक्ती योजनेत ११ जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही. घराजवळ बस असेल तर आई कुणाला न विचारता गणपत गल्लीत जाऊन पूजेचं सामान घेऊन येतील, आणि या वयात कुणाला न विचारता बाहेर पडता येणं म्हणजे काय असतं ते माझ्या आईकडं बघून मला उशिरा कळलं.

मोठा दवाखाना चालत जायच्या अंतरावर कुणालाच मिळत नाही, तो रस्ता मात्र बघून ठेवायला पाहिजे. वडगाव-शहापूर बाजूनं सिव्हिलला किंवा नेहरूनगरला केएलईला जायचं म्हणजे रेल्वे लाईनच्या पलीकडं जायचं आलं. कपिलेश्वर पुलावरनं गेलात की गेटला अडकत नाही पण पुढं बाजारातली गर्दी आहेच. एकदा सकाळी साडेनऊला आणि एकदा रात्री अकराला घड्याळ लावून गाडीनं जाऊन या. त्या दोन आकड्यांतला मोठा आकडा तुमचा.

शाळेचं म्हणाल तर अंतराच्या आधी भाषेचं बघा. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकात कुठल्याही बोर्डाच्या शाळेत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवतात, माध्यम मराठी घ्या नाहीतर इंग्लिश. तुमचा मोठा इथं पाचवीला येणार, वर्गातली पोरं चार वर्षं कन्नड शिकलेली असणार आणि हा अक्षरओळखीपासून सुरू करणार. त्यामुळं शाळेत जाऊन एवढंच विचारा की बाहेरनं आलेल्या पोराला कन्नडसाठी वेगळा वेळ देता का, आणि गल्लीत कुणी ट्यूशन घेतं का ते पण. वडगाव भागात मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी घरं भिंतीला भिंत लावून आहेत, खेळायला पोरं मिळाली की सहा महिन्यांत बोलायला तरी शिकतोय, ती काळजी करू नका.

वडगाव-खासबाग भाग जुना विणकरांचा, पॉवरलूम अजून चालतात. ज्यांचं आयुष्य त्या आवाजात गेलंय त्यांना तो ऐकूच येत नाही, पण पुण्याच्या फ्लॅटमधनं आलेल्या माणसाला दुपारची झोप लागेल का ते बघायला एकदा भर दुपारी जाऊन अर्धा तास त्या घराच्या बेडरूममध्ये खिडकी उघडून नुसतं बसा. घर नव्या लेआउटमध्ये आहे म्हणजे बहुतेक लांबच असेल, तरी बसा.

आता कागद. त्या बाजूला पहिला प्रश्न हा, की घर कॉर्पोरेशनच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीत. रस्ता तोच, घरं तीच, पण रेघेच्या अलीकडं-पलीकडं पाणी, ड्रेनेज, कचऱ्याची गाडी, रस्त्यावरचे दिवे सगळ्याचा मालक बदलतो. कॉर्पोरेशनमध्ये असेल तर ई-खाता, म्हणजे मिळकतीचा ऑनलाइन उतारा मागा, पंचायतीत असेल तर ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीतल्या मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचे, फॉर्म ९ आणि ११. इथं फॉर्म ११-ए आहे की ११-बी ते डोळ्यांनी बघा, ११-बी असेल तर लेआउट मंजूर करून घेतलेला नसण्याची शक्यता मोठी, बँक कर्जाला कां-कूं करते आणि पुढं विकताना तुम्हालाच त्रास. एनएची (जमीन बिगरशेती केल्याची) ऑर्डर, लेआउट मंजुरीचा नकाशा, तीस वर्षांचं ईसी (मिळकतीवरचे व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला) आणि जमिनीचा जुना उतारा हे चार कागद झेरॉक्स नको, सर्टिफाइड कॉपी पाहिजे. सगळे कन्नडमध्ये असतात. घरातल्या कुणाला सराईतपणे कन्नड वाचता येत नसेल तर एजंट वाचून दाखवतोय त्यावर मान डोलवू नका, स्वतःचा वकील लावा आणि एकेक ओळ मराठीत लिहून घ्या. उताऱ्यावर जुन्या मालकाच्या बहिणींची नावं होती का आणि विक्रीवर त्यांच्या सह्या आहेत का हे मुद्दाम विचारा. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हिस्सा मुलांएवढाच आहे, आणि शेताचे प्लॉट पाडून विकताना घाईत सुटतात त्या नेमक्या याच सह्या.

लेआउटच्या नकाशावर पार्क आणि सीए साईट, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेली जागा, दाखवलेली असते. ती जागा नकाशावर बोट ठेवून प्रत्यक्षात शोधा. पार्क लिहिलेल्या ठिकाणी काँग्रेस गवत माजलेलं असलं तरी चालेल, ते निघतंय, पण तिथं कुणाचा पाया खणलेला दिसला किंवा तारेचं कुंपण मारून आत भाजी लावलेली दिसली तर थांबा. रस्ते आणि पार्क अधिकृतपणे हस्तांतर करून दिलेत का तेही विचारा, दिले नसतील तर खड्डा बुजवायला कुणीच येत नाही. खर्चाचं एक लक्षात ठेवा, स्टँप ड्युटी ५ टक्के, सेस-सरचार्ज धरून ५.६ च्या आसपास, आणि रजिस्ट्रेशन फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ ची २ टक्के झालीय, म्हणजे घराच्या किमतीवर साडेसातच्या वर बाजूला ठेवायला लागतात.

आता जमीन, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. शहापूर, वडगाव, येळ्ळूरचं शिवार म्हणजे काळी माती, बेळगावची बासमती जिथं पिकायची आणि अजून पिकते ती हीच जमीन. भाताला जी जमीन चांगली ती घराला अवघड, कारण पावसाळ्यात पाणी पिऊन ही माती फुगते आणि एप्रिल-मे मध्ये आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वर जे काय बांधलंय ते तिच्याबरोबर वर-खाली होत राहतं. हिंडलगा, कॅम्प बाजूच्या तांबड्या-जांभ्या जमिनीवर जे फुटिंग (पायाचा तळ) चालतं ते इथं चालत नाही. काळी माती पूर्ण संपून कडक मुरूम लागेपर्यंत खाली जायला पाहिजे, प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीला बीम पाहिजे, आणि जोत्यात भर घालताना तिथलीच काढलेली माती परत न टाकता बाहेरनं मुरूम आणून पाणी मारून धुमसायला पाहिजे. तयार घरात हे दिसत नाही. तरी बिल्डरकडं पायाचे फोटो मागा, हल्ली प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असतात, आणि नसतील तर कॉलमजवळ बाहेरनं चार-पाच फुटांचा एक खड्डा मारून बघू द्या म्हणा. ज्यानं नीट केलंय तो मारू देतो, असा माझा अनुभव आहे.

भिंतीवर काय वाचायचं ते पण सांगतो. खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरकी निघालेली चीर, एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद, ही पाया हलल्याची. गिलाव्यातल्या केसासारख्या, कोळ्याच्या जाळ्यागत पसरलेल्या चिरांना घाबरू नका. नुकताच रंग मारलेला असेल तर मोबाईलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा उजेड पाडा, पुट्टीनं भरलेली चीर उंचवट्यासारखी दिसतेच. आणि फरशीवर रुपयाच्या नाण्यानं ठोकत चाला, पोकळ आवाज एखाद्या फरशीचा आला तर कामाची चूक, पण सगळ्या खोलीच्या कडेनं पोकळ आवाज आला तर खालची भर बसलीय.

दुसरं म्हणजे त्या शिवारातनं जाणारा बळ्ळारी नाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरात काय झालं ते तुम्ही पुण्यात बसून बातम्यांत बघितलं असेल, मी ते एका घराच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून बघितलंय. ते घर एका कुटुंबाला घ्या म्हणून मीच सांगितलं होतं. मार्चमध्ये बघायला गेलो होतो, सगळं कोरडं, बांधकाम खरंच चांगलं, कॉलम सरळ, स्लॅबला कुठं ओल नाही, मी हो म्हटलं. ऑगस्टमध्ये त्या वैनींचा पहाटे फोन आला, गेलो तर हॉलमध्ये घोट्याच्या वर पाणी, म्हातारीला कॉटवर बसवलेलं आणि फ्रिजच्या खाली विटा सारायची धडपड चाललेली. घराला काहीच झालं नाही, एक चीर नाही. पण नाल्याचं पाणी शिवारातनं मागं फिरून येतं हे मी मार्चमध्ये शेजारी कुणालाही विचारलं नव्हतं, आणि ते विचारायला तेव्हा मला पाच मिनिटं लागली असती. त्या वैनी मला एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून त्या बाजूचं घर मी पाऊस बघितल्याशिवाय होकारात काढत नाही.

पावसाळ्यात जाणं जमत नसेल तर उन्हाळ्यातही खुणा असतात. कंपाउंडच्या आतल्या बाजूला जमिनीपासून एका उंचीवर गाळाची फिकट रेघ असते, रंग मारला तरी शेजारच्या पडक्या भिंतीवर ती राहते. लोखंडी फाटकाचा गंज खालच्या फुटभरातच जास्त आहे का बघा. शेजारच्यांनी बोअरची मोटर, वॉशिंग मशीन किंवा गॅसचं सिलिंडर मुद्दाम ब्लॉकवर उचलून ठेवलंय का बघा, उगाच कोण ठेवत नाही. आणि लेआउटच्या कडेला अजून भात लावणारा शेतकरी असेल तर त्याच्याकडं जाऊन बांधावर बसा, पाणी कुठनं येतं, कुठं तुंबतं आणि पूर्वी ओघळ कुठनं जात होता हे त्याच्याएवढं कुठल्याच नकाशाला माहीत नाही. घराचा प्लिंथ रस्त्यापासून किती वर आहे ते टेपनं मोजा, माझ्या मते त्या बाजूला दोन फुटांच्या खाली घेऊच नका, कारण पुढच्या दहा वर्षांत डांबरावर डांबर, काँक्रीटवर काँक्रीट चढून रस्ता वर येतो आणि घर खाली जातं.

पाण्याचं. बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकलचं. काही भागात चोवीस तास नळ आहे, काही भागात चार-पाच दिवसांआड, आणि नव्या लेआउटला कित्येकदा लाईनच आलेली नसते. नळाला पाणी कधी येतं हे एजंटला विचारू नका, समोरच्या घरातल्या वैनींना विचारा, त्या वार आणि वेळ सांगतील. मग संपचं, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं, झाकण उघडून आतली मापं घ्या. तुम्ही सहा माणसं, माणशी १३५ लिटर धरायची पद्धत आहे, म्हणजे दिवसाला ८१० लिटर, पाच दिवसांचे चार हजारावर गेले. तयार घरात बहुतेक ६ बाय ५ बाय ४ फुटांचा संप सापडतो, १२० घनफूट, २८.३ नं गुणलं की ३४०० लिटरच्या आत, त्यातलंही तळाचं अर्धा फूट मोटर ओढत नाही. म्हणजे चौथ्या दिवशी टँकर.

बोअर किंवा विहीर आहे म्हणून सांगतील. आपल्या गावाला जमिनीत पाणी चांगलं आहे, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खणली ती पुढं टंचाईत गावाला उपयोगी पडली, जुन्या वाड्यांत तर परड्यात विहीर असायचीच. पण तेव्हा शेजारी सोक पिट, म्हणजे संडासाचं पाणी जिरवायचे खड्डे, नव्हते. लेआउटमध्ये युजीडी, म्हणजे जमिनीखालची ड्रेनेज लाईन नसेल तर प्रत्येक साईटवर सेप्टिक टँक आणि सोक पिट आहे, आणि पिण्याच्या पाण्यापासून सोक पिट १८ मीटर तरी लांब पाहिजे असा नियम आहे, म्हणजे जवळपास ६० फूट. तुमची साईटच ५० फूट लांब. तुमचा खड्डा तुम्ही मागं नेलात तरी मागच्या घराचा तुमच्या भिंतीला चिकटलेला असणार. त्यात काळी माती पावसाळ्यात पाणी जिरवून घेत नाही, खड्डा भरून वर येतो. तेव्हा युजीडीला कनेक्शन जोडलंय का, नुसतं चेंबर बांधून ठेवलंय का, हे बाथरूममध्ये दोन बादल्या निळीचं पाणी ओतून रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण काढून बघा. जोडलं नसेल तर बोअरचं पाणी लॅबमध्ये तपासून घ्या आणि रिपोर्ट चांगला आला तरी पिण्याला वापरू नका, जुलैत तोच रिपोर्ट वेगळा येतो.

आतलं घर मी थोडक्यात सांगतो. आई-बाबांची खोली खाली पाहिजे, तिला लागून बाथरूम पाहिजे आणि त्या बाथरूमचा दरवाजा तीन फुटांचा पाहिजे, अडीच फुटातनं वॉकर नेताना अडचण होते. उंबरा असेल तर पाऊण इंचाच्या वर नको. जिन्याची पायरी साडेसहा इंचाच्या वर असेल तर बाबांची वरची टेरेस बंद झाली असं समजा. पश्चिमेच्या भिंतीला सज्जे आहेत का बघा, आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस तिकडनं झोडपतो आणि सज्जा नसलेली खिडकी आतनं गळतेच.

राहिली ती मागची आठ फूट जागा. पत्रा टाकून खोली काढू नका. एक तर सेटबॅक, म्हणजे नियमानं मोकळी सोडायची जागा, भरली की मंजूर नकाशाच्या बाहेर गेलात आणि पुढं मिळकतीच्या खात्यात अडचण येईल. पण मला जास्त काळजी वेगळीच आहे. ३० बाय ५० च्या साईटवर दोन मजले उभे राहिल्यावर ती आठ फूटच काय ती उघडी जमीन उरते, स्वयंपाकघराला उजेड आणि वारा तिथनंच येतो, आणि पाऊस जिरायलाही तेवढीच जागा. तिथं फरशी पण घालू नका. भिंतीला लागून दोन फुटांचा ॲप्रन (पक्का उतरता पट्टा) करा म्हणजे पाणी घराच्या पायात जाणार नाही, बाकी मातीच राहू दे, एक दोरी, एक कढीपत्ता, आळू, आईंना धुणं-भांडं करायला एक दगड, तुळस. नारळ लावू नका, आठ फुटांत मोठा झाल्यावर झावळ्या शेजारच्या पत्र्यावर पडतात आणि भांडणं होतात. पेरू चालेल, पण कंपाउंडपासून चार फूट आत. खोली पाहिजेच असेल तर वरच्या मजल्यावर काढता येईल का ते कॉलमचं ड्रॉइंग बघून सांगतो, तेवढं बिल्डरकडनं मागून घ्या, आणि पायाचे फोटो मिळाले तर त्याच्याबरोबर पाठवा.